कुमू, दाढोबा आणि गप्प बसणं

कुमू,

काल तुझं तेरावं झालं, आणि श्रीखंडाच्या वाट्या पुढे ओढत सगळ्यांनी मिळून तुला समाधानी ठरवून टाकलं.

"काय सोन्यासारखी पोर! कधी तक्रार नाही, कधी आवाज नाही." "एक्केचाळीस हे काय जायचं वय आहे का, पण जाताना कुणाला त्रास दिला नाही हो." माझ्या शेजारच्या जशुबेन अकोट्याहून मुद्दाम घडियाळी पोळेत, तुझ्या सासरच्या गल्लीत, आल्या होत्या. त्या डोळे पुसत म्हणाल्या, "कुमुद तो बहु डाही हती." डाही. आपण बडोद्याची मराठी माणसं घरातसुद्धा हा शब्द वापरतो, सांगितलं ते मुकाट करणाऱ्या, उलट शब्द न काढणाऱ्या मुलीसाठी. तो शब्द तुला चिकटवलेला मी ऐकला. आणि मी काय केलं म्हणशील? मान डोलावली आणि पंक्तीत पुरी हवी का, पुरी हवी का, करत फिरले.

मग श्रीधररावांच्या काकांनी ती गोष्ट काढली. काढणारच, त्यांची ती ठेवणीतली. "आम्ही बघायला गेलो ना, तेव्हा ही मालती आतून बाहेर येऊन म्हणाली, मुलगी लाजून गप्प बसलीय! मी म्हटलं, झालं तर मग, मौनं संमतिलक्षणम्!" तुझ्या तेराव्याला लोक हसले गं. हळूच हसले, पण हसले. काकांना तरी कोणत्या तोंडानं बोलू? अठरा वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला ही गोष्ट मीच रंगवून सांगत आले. तू बाजूला बसून पदराशी चाळा करत हसायचीस.

पंगती उठल्यावर मी भांडी घासत होते, तर श्रीधरराव स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. तुझा नवरा माझ्याशी कधी धड नजर वर करून बोललेला नाही. काल बोलला. "ताई, एक विचारू? ती तेव्हा खरंच गप्प होती ना? म्हणजे, तिच्या मनात होतं ना?" मी म्हटलं, "हो हो, नुसती लाजली होती." इतकं पटकन म्हटलं की हातातलं पातेलंही खाली ठेवलं नाही. ते बरं म्हणाले आणि गेले.

आणि वर आपल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी आले. "मालतीताई, तुम्ही सख्ख्या बहीण, त्यात मराठीच्या शिक्षिका. अंकासाठी एक पान द्या. हसतमुख, समाधानी, असं काहीतरी." असं काहीतरी मला लिहिता येत नाही. निबंध तपासताना पोरांच्या वहीत मी असल्या वाक्यांखाली लाल रेघ मारते. म्हणून मी तुलाच लिहितेय. तुझा एक प्रश्न माझ्याकडे चार वर्षं पडून आहे. मोरीत हात धुता धुता तू विचारला होतास, "ताई, त्या दिवशी मी गप्प होते का गं?" मी उत्तर दिलं नाही आणि तू परत विचारलं नाहीस. आज ते उत्तर द्यायला बसलेय. उशीर झालाय, माहीत आहे मला. टोमणा मारायला तू नाहीस, म्हणून मीच मारून घेते.

आणि हा प्रश्न निघाला कशावरून, तर एका सरड्यावरून. हे सेक्रेटरींना सांगितलं तर ते पानच परत मागतील.

मे महिना होता. भर दुपारी तू स्कूटीवर, पायाशी चपलांचा खोका घेऊन माझ्या दारात. मी म्हटलं, एवढ्या उन्हात चपला कसल्या आणल्यास? तू झाकण उघडलंस. आत माझ्या करंगळीपेक्षा थोडं लांब, मातकट, गळ्याशी बारीक काटे असलेलं एक ध्यान.

"अगं बाई! हे काय?"

"बिअर्डेड ड्रॅगन. दाढीवाला सरडा म्हण. पिल्लू आहे, ताई. मूळचा ऑस्ट्रेलियातला."

"मग तिथेच राहू द्यायचा की!"

तू नोकरी करायचीस त्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये होस्टेलच्या कुणा मुलीनं मुंबईहून हौसेनं आणलेला, आणि परीक्षा संपल्यावर टेबलावर ठेवून बाईसाहेब गावी निघून गेल्या. बाजार खुला झाल्यापासून परदेशी चॉकलेटं आली, गाड्या आल्या, आता सरडेही आले, कर्म माझं, असं मी म्हटलं. तुझ्या घरी त्याला जागा नव्हती. श्रीधररावांनी काय म्हटलं ते तू सांगितलं नाहीस, नुसतं "ह्यांना नाही चालणार" एवढंच. माझ्या तळमजल्याच्या घरात मागची खोली रिकामी होती, सकाळचं ऊन यायचं तिथे. लहरीपुऱ्याच्या बाजारातून माशांची जुनी काचेची पेटी आणलीस, तिच्यात एक फांदी आडवी टाकलीस, वर साठचा बल्ब लावलास. त्याला दाढोबा मी म्हणायला लागले. तुला ते नाव आवडलं नव्हतं, पण तू "वांधा नाही" म्हणालीस. तुझं ते वांधा नाही! साडी आवडली नाही तरी वांधा नाही, ताप असला तरी वांधा नाही.

पण त्या खोलीत मात्र तू निराळीच व्हायचीस. "ताई, पहिला आठवडा हात लावायचा नाही." मी म्हटलं, मग पाळायचा कशाला, फोटो लावला असता भिंतीवर. "त्याला इथली सवय होऊ दे आधी. तू नुसती समोर बसून वह्या तपास. मान वर करून सारखी बघू नकोस त्याच्याकडे." तू पेटीच्या तीन बाजूंना वर्तमानपत्र चिकटवलंस, एवढं उघडं उघडं त्याला झेपत नाही म्हणून. रोज कॉलेज सुटलं की चारच्या सुमाराला यायचीस आणि तासभर थांबायचीस. तुझ्या लग्नानंतर आपण दोघी सलग तासभर बसलो, असं तेव्हाच पहिल्यांदा झालं.

दुसऱ्या आठवड्यात हात. पेटीत हात ठेवायचा, तळवा वर, आणि ठेवलाय हे विसरून जायचं. माझ्या हाताला मुंग्या यायच्या आणि मी वैतागायचे. तो फांदीवरून एक डोळा तिरका करून बघायचा, जागचा हलायचा नाही. मी एकदा बोट जरासं पुढे केलं तर तू केवढ्यांदा ओरडलीस, "ताई, हात काढ!" मी दचकलेच. आयुष्यात कुणावर आवाज न चढवणारी तू, माझ्यावर, आई खाटेला खिळल्यावर जिनं तुला वाढवलं तिच्यावर, खेकसलीस. मला राग यायला हवा होता. खरं सांगू? मला फार बरं वाटलं. त्या रविवारी मी मुद्दाम साटोऱ्या केल्या.

त्याला उचलायला तू मला शिकवलंस ते मी शाळेत पोरांनाही इतकं नीट काही शिकवलं नसेल. वरून हात घालायचा नाही, कधीही नाही. वरून येते ती घार, त्याच्या रक्तातच आहे ते, तू कितीही प्रेमाची असलीस तरी वरून आलीस की तू घारच. बाजूनं जायचं, तो बघत असताना जायचं. छातीखाली बोटं सरकवायची, चारी पाय तळव्यावर टेकले पाहिजेत, नाहीतर त्याला वाटतं आपण पडतोय. मूठ मिटायची नाही, शेपटीला धरायचं नाही. आणि हे सगळं खाली सतरंजीवर बसून, पंखा बंद, खिडकी बंद. पाच मिनिटं झाली की परत ठेवायचं, त्यानं मागण्याआधी. हात आधी धुवायचे आणि नंतरही, साबण लावून, आणि ते मोरीत. "ओट्यावरच्या नळाखाली धुतलेस तर बघ, पोट बिघडेल तुझं. आणि मुके घ्यायचे नाहीत त्याचे." मी म्हटलं, मला काय वेड लागलंय सरड्याचे मुके घ्यायला? तू खळखळून हसलीस. डबीतले बारीक रातकिडे तू चिमट्यानं द्यायचीस, किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको, हेही माप तुझंच. लाल भोपळा मी किसून द्यायचे, तो तसाच पडायचा.

तर एक दिवस जशुबेन आणि मी पेटीसमोर उभ्या होतो. दाढोबानं पुढचा एक पाय उचलला, हवेत सावकाश गोल फिरवला आणि खाली ठेवला. थोड्या वेळानं पुन्हा. जशुबेन ओरडल्याच, "जुओ जुओ, आवजो करे छे!" आणि खरंच, दारातून पाहुणे निघताना आपण हात हलवून आवजो म्हणतो ना, हुबेहूब तसंच. मला काय आनंद झाला! बडोद्याचं पाणी लागलं बघ सरड्याला, म्हटलं, महिनाभरात गुजराती शिकला.

तू आलीस, बघितलंस, आधी हसलीस. मग म्हणालीस, "नाही गं ताई. ते आवजो नाहीये. आपल्याहून मोठं कुणी समोर आलं की पिल्लं असं करतात. तो म्हणतोय, मी लहान आहे, मला मारू नका."

"काहीतरीच तुझं! इतका गोड हात हलवतोय तो."

तू रातकिड्यांची डबी उघडलीस. मी आपली येईल त्याला सांगत सुटले, आमचा दाढोबा आवजो करतो. पेपरवाला, शाळेतल्या बाया, गॅसचा माणूस, सगळे पेटीपुढे वाकून "आवजो, आवजो" करायचे, आणि तो बिचारा पाय वर करून फिरवायचा. जितके लोक जास्त, तितका जास्त.

मग तो भजनाचा गुरुवार. माझ्या घरी पाळी होती. आरती झाली, डाळ-पन्हं झालं, आणि बायका म्हणाल्या, तुमचा सरडा दाखवा ना. मला मिरवायचं होतं, दुसरं काही कारण नाही. मी झाकण काढलं, वरून हात घातला, मुठीत धरून त्याला बाहेर आणला. एवढं शिकवलं होतंस, आणि दहा बायकांसमोर मी सगळं विसरले. नाही, विसरले कसली! घाई होती, तो आपणहून हातावर येईपर्यंत थांबायला वेळ नव्हता मला. मग तो या हातातून त्या हातात फिरला. पंखा चालू. कुणी पाठीवरून बोट फिरवलं, कुणी शेपटीला धरून बघितलं. तो अजिबात हलला नाही. डोळे मिटून घेतले त्यानं. "किती माणसाळलाय!" सगळ्या म्हणाल्या. जशुबेन म्हणाल्या, "बहु डाह्यो छे, हं!"

तेव्हा तू दारात होतीस. कधी आलीस कळलंच नाही. तू बायकांमधून आत आलीस, खाली बसलीस, कुणाच्या तरी तळव्याला तळवा लावून त्याला स्वतःच्या हातावर सरकू दिलंस, आणि आतल्या खोलीत घेऊन गेलीस. कुणाला रागावली नाहीस. वर बायकांना हसून, "पन्हं छान झालंय हं ताईचं," असंसुद्धा म्हणालीस.

सगळ्या गेल्यावर मी आत आले. त्याचा गळा काळाकुट्ट पडला होता, शाई सांडल्यासारखा. तू मोरीत हात धूत होतीस.

"काय गं, एवढं काय झालं? छान शांत बसला होता की. माणसाळला तो आता."

"माणसाळला नाहीये ताई. पळायला जागा नाही हे कळलं त्याला. म्हणून तो मेल्यासारखा पडून राहिला. लवकर संपू दे म्हणून."

"मग चावायचं होतं की त्यानं! फिस्सकन अंगावर यायचं. गप्प बसला तर आम्हाला काय स्वप्न पडतं?"

"गप्प बसणं म्हणजे हो नसतं."

"आपल्यात असतं," मी म्हटलं. मी ते वाक्य गमतीनं म्हटलं, कुमू, सवयीनं, त्या तुझ्या लग्नाच्या गोष्टीचं शेपूट जोडून. "मौनं संमतिलक्षणम्!"

तू नळ बंद केला नाहीस. पाणी वाहू दिलंस आणि माझ्याकडे न बघता विचारलंस, "ताई, त्या दिवशी मी गप्प होते का गं?"

मला कोणता दिवस ते लगेच कळलं. सरड्याचं बोलणं चाललंय असं दाखवायलाही मला जमलं असतं, पण तेवढंसुद्धा सुचलं नाही. मी म्हटलं, "नळ बंद कर, पाणी जातंय." तू नळ बंद केलास. पर्स उचललीस, स्कूटीची किल्ली शोधलीस आणि निघालीस.

दाढोबानं त्यानंतर कितीतरी दिवस काही खाल्लं नाही. तू सगळं पहिल्यापासून सुरू केलंस. पुन्हा वर्तमानपत्रं, पुन्हा पहिला आठवडा हात नाही, पुन्हा तळवा वर करून वाट बघणं. मला म्हणालीस, "आधीच्यापेक्षा जास्त वेळ लागेल आता. एकदा फसला ना तो." दोन महिने लागले. एका दुपारी माझा हात आत होता आणि मी खरंच वहीतल्या चुका बघत होते, तर तळव्याला बारीक नख्या टोचल्या. बघते तर चारी पायांनी वर चढून बसलाय, गळा पांढुरका, डोळे उघडे. मी तुझ्याकडे बघितलं. तुझे डोळे भरून आले होते. तू एवढंच म्हणालीस, "हं. आता म्हण, माणसाळला." एवढ्या सगळ्या कडवटपणात ही एक दुपार मी तुझ्याकडून मिळालेली म्हणून जपून ठेवलीय, तिच्याबद्दल मी कुणाशी भांडणार नाही.

पण ते रोजचं येणं श्रीधररावांनी मोडलं. त्यांना कंपनीनं वेळेआधी घरी बसवलं होतं. कंपनी बाहेरच्या कुणी घेतली आणि चाळिशीतली माणसं त्यांना जुनी झाली. मग त्यांना दिवसभर काम काय, तर घड्याळ. कॉलेज चारला सुटतं, तू सहाला येतेस, मधले दोन तास कुठे? त्यांनी तुला कधी मारलं नाही, हे मी जाणते. काल पंगतीत दोघीतिघींनी तेही तुझ्या सुखात धरलं. पण तो अबोला! पंधरा पंधरा दिवस भिंतीकडे बघून बोलायचे. "कुणीतरी मीठ वाढा." "कुणाचा तरी फोन वाजतोय." तू घरात असून घरात नसल्यासारखी. एकदा तू मला सांगितलंस, चेन्नईला सरपटणाऱ्या प्राण्यांचं पाच दिवसांचं शिबिर आहे, कॉलेज पाठवतंय. मी खूष. पुढच्या आठवड्यात विचारलं तर म्हणालीस, नाही जात. श्रीधररावांनी जेवताना म्हटलं होतं, "सरड्याची धाव कुंपणापर्यंत." आणि सासूबाई हसल्या होत्या. तूही हसलीस म्हणे.

मी तावातावानं म्हटलं, "ठणकावून सांगता येत नाही तुला? जीभ दिलीय ना देवानं?" तू माझ्याकडे बघत राहिलीस. किती वेळ बघत राहिलीस! आणि म्हणालीस, "वांधा नाही, ताई. पुढच्या वर्षी बघू." हेच वाक्य तुला लग्नात ऐकवलं होतं सगळ्यांनी. एम.एस्सी.ला नंबर लागला होता तुझा. पुढच्या वर्षी बघू. बघता बघता तू त्याच विषयाच्या लॅबमध्ये बरण्या पुसायला लागलीस, तीही नोकरी मिळाली म्हणून पेढे वाटलेस.

मला तुझा राग येतो, कुमू. मेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी रागावणार. तूच मला सांगितलं होतंस ना, हे प्राणी आजार लपवतात, दुबळा दिसला की कुणीतरी खाऊन टाकेल या भीतीनं, म्हणून रोज वजन कर, रोज डोळे बघ? सरड्याचं वजन करायला मला शिकवलंस आणि स्वतः सहा महिने पोटातली कळ दाबून स्कूटी चालवलीस. इस्पितळात डॉक्टरांनी कधीपासून दुखतंय ते विचारलं, "केटला वखतथी दुखे छे, बेन?" आणि माझ्यासमोर धडधडीत सांगितलंस, "हमणां ज, साहेब. आठेक दिवसथी." आठ दिवस! डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि तुझ्याकडे बघितलं. मी तुला तिथेच फाडफाड बोलले, सलाइन लावलेली असताना बोलले. का नाही सांगितलंस? मला तरी सांगायचं होतंस, मी कुणी परकी होते? तू डोळे मिटून पडून राहिलीस. मी ओरडत होते आणि तू हलत नव्हतीस, आणि मध्येच माझी जीभ अडखळली, कारण असं पडून राहणं मी आधी बघितलं होतं.

शेवटच्या आठवड्यात तू त्याच्याबद्दलच विचारायचीस. खातो का, कात टाकली का, पायाच्या बोटांना जुनी कात अडकली तर ओढू नकोस, कोमट पाण्यात बसव. तो प्रश्न मात्र पुन्हा विचारला नाहीस. मी वाट बघत होते. दुपारी खोलीत आपण दोघीच असायचो, मी मनात शब्द जुळवून बसलेली असायचे आणि तू झोपून जायचीस. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं, अशी मी स्वतःची समजूत घालते. काल श्रीधररावांनी विचारलंच की. काय सांगितलं मी?

हे पान मी मंडळाला देणार आहे. छापतील न छापतील. छापलं तर श्रीधरराव वाचतील, आणि त्यांना लागेल, आणि मला त्याचं वाईटही वाटेल, कारण काल दारात उभा असलेला तो माणूस म्हातारा दिसत होता. तरी देणार. लोकांनी तुला डाही म्हणू नये, एवढ्यासाठी देणार. काकांना ती गोष्ट पुन्हा सांगता येऊ नये म्हणून देणार.

तर ऐक. तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते. आई अर्धांगानं खाटेवर, वडील जाऊन सहा वर्षं झालेली, तुझं शिक्षण, माझी शाळा. माझ्या मनात होतं, एकदा तुझं झालं की मी सुटेन, माझंही कुठे बघता येईल. माझं काही झालं नाही, ते सोड. बाहेरच्या खोलीत ते चौघं बसले होते. काका म्हणाले, मुलीला एकदा विचारून या, हल्ली विचारतात. मी आत आले. तू ओट्याशी उभी राहून पोह्यांच्या बशा भरत होतीस, शेजारी चहाचा स्टो भणभणत होता. मी काही विचारायच्या आत तू माझं मनगट धरलंस आणि म्हणालीस, "ताई, नको. मला नको आहे हे." मी ट्रेवरचे कप सरळ करायला लागले. तू पुन्हा म्हणालीस, जरा मोठ्यानं, "नको, ताई. तू सांग त्यांना." मी म्हटलं, "चहा उतू जातोय बघ." तू एका हातानं पातेलं उतरवलंस, दुसऱ्या हातानं माझं मनगट सोडलं नाहीस, आणि माझ्या कानाशी तोंड आणून तिसऱ्यांदा म्हणालीस. मग मी हात सोडवून घेतला, पदर सारखा केला आणि बाहेर जाऊन हसत सांगितलं, मुलगी लाजून गप्प बसलीय.

तू गप्प नव्हतीस, कुमू. अठरा वर्षं तू बहुतेक हेच धरून चाललीस की स्टोच्या आवाजात ताईला ऐकू आलं नाही, म्हणून तर पुन्हा पुन्हा म्हणालीस. मला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं.